मोझलीची रिकामी जागा

बारामती-इंदापूरच्या दवाखान्यांत रोज एक्स-रे काढले जातात. त्यातले काही किरण असे निघतात: अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडाला की बाहेरच्या कवचातला त्याची जागा घेतो.

इंग्लंडच्या हेन्री मोझलीने (जन्म १८८७) १९१३-१४ मध्ये निरनिराळ्या मूलद्रव्यांचे असे किरण मोजले आणि त्यांचे अणुअंक, म्हणजे अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या, पक्के केले. तेव्हा ४३ क्रमांकाची जागा रिकामी निघाली.

महायुद्ध पेटताच तो स्वतःहून सैन्यात गेला. १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोलीत गोळी लागून मरण पावला. वय अवघे २७.

ती जागा १९३७ साली टेक्नेशियमने भरली. आज कर्करोग हाडांत पसरला आहे का, हे पाहणाऱ्या स्कॅनपूर्वी रुग्णाला तेच टोचतात.