मुंबईचा रणधुरंधर

आज १६ सप्टेंबर. १९६५ साली याच दिवशी सियालकोट आघाडीवर ले. कर्नल आर्देशीर बर्झोरजी तारापोर धारातीर्थी पडले. तारापूर म्हटले की मुंबईकरांस अणुवीज केंद्र आठवते. त्या गावाचे नाव आडनाव म्हणून मिरविणारा, या मुंबापुरीतच जन्मलेला परमवीर मात्र सहसा आठवत नाही. ही विस्मृती आम्हांस लाजिरवाणी वाटते.

१८ ऑगस्ट १९२३ रोजी जन्मलेल्या या पारशी मुलाचे शिक्षण पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत झाले. आपला एक पूर्वज शिवछत्रपतींच्या सेवेत होता, असे हे घराणे सांगत आले आहे. परंतु तारापोर पूर्वजांच्या पुण्याईवर जगणारे नव्हते. १९४२ साली ते हैदराबाद संस्थानच्या पायदळात अधिकारी झाले. एकदा सराव चालू असता एका रंगरुटाच्या हातून जिवंत हातबाँब जवळच पडला. तारापोरांनी झेप घेऊन तो उचलला व भिरकावला. स्फोटाचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. संस्थानी सेनेचे सेनापती एल एद्रूस यांनी त्यांस बोलावून शाबासकी दिली, तेव्हा त्यांनी मागून घेतली ती चिलखती दलातील बदली! हैदराबाद लान्सर्सबरोबर ते महायुद्धात मध्यपूर्वेत गेले.

घोडदळाचा घोडा जाऊन यंत्र येण्याचा तो काळ. १९४१ च्या एप्रिलात लिबियातील मेचिली येथे हिंदी मोटार ब्रिगेड एकाही रणगाड्यावाचून रोमेलच्या वेढ्यात सापडली होती. वाळवंटात ना झाडाचा आडोसा, ना भिंतीचा. तेथे इंधन, तोफेचा पल्ला आणि नायकाचे थंड डोके यांवरच जय-पराजय ठरतो. त्या पिढीच्या सैनिकांनी हा धडा रक्त देऊन गिरविला.

मग १९४८ चा सप्टेंबर उजाडला. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे सैन्य सोलापुराकडून हैदराबादेत शिरले आणि एल एद्रूस यांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेविली. तारापोर पराभूत सैन्यातले अधिकारी. संशयाने त्यांस घरी बसविणे सोपे होते; भारतीय सेनेने तसे केले नाही. १९५१ साली ते पूना हॉर्समध्ये आले, पुढे तिचे प्रमुख झाले. १९६५ साली सरसेनापती होते तेच चौधरी! कालचा प्रतिपक्षी आपलासा करण्याची ही दानत आम्हांस रणांगणावरील विजयाइतकीच मोलाची वाटते.

त्या विश्वासाची फेड तारापोरांनी कशी केली? ११ सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत ते जखमी झाले. मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. १४ तारखेस वझीरवाली, १६ तारखेस जस्सोरान व बुतुर डोग्रांडी त्यांच्या रेजिमेंटने घेतले. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला, तरी ते हटले नाहीत. पाकिस्तानची भिस्त अमेरिकी पॅटनवर होती. पूना हॉर्सच्या सेंच्युरियन रणगाड्यांनी शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि आपले ९ गमावले, असे सन्मानपत्र सांगते. चाविंडा अखेर हाती आले नाही हे खरे. पण त्यामुळे हे शौर्य उणे ठरत नाही.

मृत्यू आल्यास आपले दहन रणभूमीवरच करावे आणि प्रार्थनेचे पुस्तक आईस द्यावे, असे त्यांनी सहकाऱ्यास सांगून ठेविले होते. ज्या समाजाची अंत्ययात्रा मलबार टेकडीवरील डुंगरवाडीकडे जाते, त्या समाजातील श्रद्धावान पुत्राने सैनिकाची चिता मागितली! धर्म त्यांनी सोडला नाही. त्याचे पुस्तक आईकडे सोपविले आणि देह आपल्या जवानांच्या स्वाधीन केला.

त्या युद्धाचे दोन परमवीर: एक तारापोर, दुसरा अब्दुल हमीद. कोण किती भारतीय याची मापे काढीत बसणाऱ्यांनी ही दोन नावे एकदा मोठ्याने उच्चारावीत. २०२३ साली अंदमानातील एका बेटास तारापोरांचे नाव दिले गेले. दूरच्या बेटास जी आठवण मिळाली, ती गिरगाव-दादरच्या शाळांतील मुलांसही मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.