लोहाऱ्याची टेकडी आणि जमशेटजींचा हिशेब

नागभीड : भारतीय पोलादाचा इतिहास बहुधा जमशेदपूरपासून सांगितला जातो. त्या इतिहासाचा आरंभ मात्र नागभीडच्या दक्षिणेकडील जंगलपट्ट्यात, चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाच्या टेकडीपाशी होतो. ही टेकडी जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या मनात सुमारे वीस वर्षे घर करून होती. तिच्यातील खनिज उत्तम प्रतीचे होते. तरीही तिच्या पायथ्याशी पोलादाचा कारखाना झाला नाही. कच्चा माल, इंधन, पाणी, वाहतूक आणि कामगार या साऱ्यांचा मेळ बसल्याखेरीज उद्योग टिकत नाही, हे जमशेटजींनी आयुष्यभराच्या अनुभवातून जाणले होते. आज ज्याला शाश्वत पुरवठा साखळी म्हणतात, तिचे भान या उद्योजकाला एकोणिसाव्या शतकातच आले होते.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी यांनी मुंबईत व्यापारात पाऊल टाकले होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून जमशेटजी वडिलांच्या पेढीवर रुजू झाले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही मोठा फटका बसला. दूरदेशीच्या एका युद्धावर विसंबलेला व्यापार किती पोकळ असतो, हे तरुण जमशेटजींनी लंडनमध्ये राहून जवळून पाहिले. त्याच मुक्कामात लँकेशायरच्या गिरण्याही त्यांच्या पाहण्यात आल्या.

कापसाच्या दारी गिरणी

जमशेटजींनी १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी सुरू केली. पुढे चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली आणि ती नफ्यात विकली. त्यानंतरची त्यांची निवड मुंबईकरांना चक्रावून टाकणारी होती. त्या काळी गिरणी काढायची तर मुंबईत, असा जणू नियमच होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस रेल्वेने मुंबईला जाई आणि त्याचे कापड होऊन पुन्हा याच प्रदेशात विकायला येई. या दुहेरी भाड्याचा भार टाळायचा, तर गिरणीनेच कापसाच्या दारी जावे, असे जमशेटजींनी ठरविले. नागपूरला रेल्वे होती, भोवती कापूस पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि गावोगावी कापडाला गिऱ्हाईक होते.

जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा नागपुरातील एका सावकाराने भांडवल देण्यास नकार दिला. हा गृहस्थ सोने मातीत घालतो आहे, असे त्याचे मत होते. त्याने माती घालून सोने काढले, अशी कबुली याच सावकाराने पुढे दिल्याचे सांगितले जाते. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. आरंभी तिच्यात सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते.

व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना निवडले. बेझनजींना कापडधंद्याचा गंध नव्हता. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते. माल वेळेवर हलविणे हे अर्धे काम आहे, हे ओळखूनच ही निवड झाली असावी. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाकडे सोपविण्यात आली. पहिली यंत्रे स्वस्तातली निघाली आणि उत्पादन मनाजोगे होईना, तेव्हा खर्चाकडे न पाहता ती बदलण्यात आली. लँकेशायरचे गिरणीमालक जुन्या पद्धतीला चिकटून असताना नागपुरात रिंग फ्रेमचे प्रयोग यशस्वी झाले.

साखळीतील माणूस

यंत्रांहून अवघड प्रश्न होता तो माणसांचा. शेतीची सवय असलेला कामगार गिरणीच्या भोंग्याला बांधला जात नसे. गैरहजेरी मोठी होती. मजुरीच्या दरावरून १८७७ मध्येच या गिरणीत संप झाला. देशातील कामगार चळवळीच्या इतिहासात त्याची गणना अगदी आरंभीच्या संपांत होते. पुढील काळात जमशेटजींनी गिरणीत हवा खेळती ठेवण्याची आणि आर्द्रता राखण्याची यंत्रणा बसविली. नियमित कामगारांना बक्षिसे सुरू केली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची योजना आली. कायद्याने असे काही बंधनकारक होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ही नुसती दानबुद्धी नव्हती. टिकून राहणारा कुशल कामगार हा गिरणीच्या नफ्याचा आधार आहे, असा त्यामागचा रोकडा विचार होता. याच गिरणीच्या नफ्याने त्यांच्या पुढच्या मोठ्या योजनांना बळ दिले.

१८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल घेतली आणि तिला स्वदेशी हे नाव दिले. येथे त्यांची कसोटी लागली. पहिल्या मालाला चीनच्या बाजारातून नापसंती आली. जमशेटजींनी नागपूरची निवडक माणसे कुर्ल्याला आणली, स्वतःचा पैसा ओतला आणि गिरणी सावरली. बारीक सुतासाठी लांब धाग्याचा कापूस लागतो, तो परदेशातून आणण्यापेक्षा येथेच पिकवावा, या विचाराने त्यांनी इजिप्शियन कापसाच्या लागवडीचे प्रयोग केले आणि १८९६ मध्ये त्यावर पुस्तिकाही काढली.

या साखळीतील समुद्रमार्ग मात्र त्यांना जिंकता आला नाही. पूर्वेकडे सूत नेण्याचे भाडे पी अँड ओ कंपनीच्या मक्तेदारीमुळे चढे होते. १८९३ मध्ये जपानला जाऊन जमशेटजींनी तेथील निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी करार केला आणि स्वतःची जहाजसेवा सुरू केली. प्रतिस्पर्ध्याने भाडे इतके पाडले की इतर व्यापारी एकेक करून टाटांना सोडून गेले. अखेर भाड्याने घेतलेली जहाजे परत करावी लागली.

लोहाऱ्याचा शोध

चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी रिटर फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजींच्या हाती पडला. लोहाऱ्याचे खनिज समृद्ध असल्याचे त्यात नमूद होते आणि वरोऱ्याचा कोळसा फार दूर नव्हता. या जिल्ह्यात गावभट्ट्यांवर, लाकडी कोळशाच्या आचेवर, पिढ्यान् पिढ्या लोखंड निघत आले होते. मोठ्या भट्टीला मात्र दगडी कोळशाचा चांगला कोक लागतो. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जमशेटजींनी जर्मनीत तपासून घेतले, तेव्हा तो या कामाचा नसल्याचे निष्पन्न झाले. सरकारी खाणनियमही जाचक होते. योजना बाजूला पडली. जमशेटजींनी ती सोडली मात्र नाही.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १८९९ मध्ये खाणनियम सैल झाले. साठी ओलांडलेले जमशेटजी पुन्हा कामाला लागले. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला त्यांनी या कामात घेतले. पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड भारतात आले. जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि नातलग शापुरजी सकलातवाला यांच्यासह त्यांनी बैलगाडीने चांद्याचे जंगल धुंडाळले. पाण्याची टंचाई आणि वाघांची भीती सोसत झालेल्या या शोधाचा निष्कर्ष निराश करणारा होता. खनिज उत्तम होते. पण विखुरलेले आणि मोठ्या कारखान्याला दीर्घकाळ पुरणारे नव्हते.

काम थांबविण्याचा निर्णय कळविण्यासाठी दोराबजी नागपूरला गेले असता तेथील संग्रहालयात त्यांना प्रमथनाथ बोस यांनी तयार केलेला भूगर्भीय नकाशा दिसला. त्यातून दुर्ग जिल्ह्यातील दल्ली-राजहरा डोंगरांचा माग लागला. तेथे खनिज विपुल होते, पण योग्य कोळसा आणि पाणी जवळ नव्हते. शेवटी मयूरभंजचे खनिज, झरियाचा कोळसा आणि सुवर्णरेखा व खरकई नद्यांचे पाणी यांचा मेळ साकची येथे बसला. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडले.

हे पाहायला जमशेटजी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नॉहाइम येथे त्यांचे निधन झाले होते. कामगारांच्या वसाहतीत रुंद रस्ते, सावलीची झाडे, खेळाची मैदाने आणि सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे असावीत, हे त्यांनी १९०२ मध्येच दोराबजींना पत्राने कळवून ठेवले होते.

जमेची आणि उणी बाजू

गिरण्यांच्या कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईला सह्याद्रीच्या पावसापासून वीज द्यावी, ही त्यांची आणखी एक योजना. त्यासाठी १९१० मध्ये कंपनी निघाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळाली. पण याच मालिकेतील मुळशीच्या धरणाखाली मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापट यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. धूर नसलेल्या विजेची किंमतही कुणीतरी मोजतो आणि तो हिशेबात धरला नाही तर साखळी अपुरी राहते, हे जमशेटजींच्या पश्चात असे उघड झाले.

जमशेटजींच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९०८ मध्ये नागभीड नॅरोगेज रेल्वेने नागपूरला जोडले गेले. एम्प्रेस मिल एकविसाव्या शतकाच्या आरंभी कायमची बंद पडली. आज शेजारच्या गडचिरोलीतील सूरजागडचे लोहखनिज बाहेर पडते आहे आणि कोनसरी येथे त्यावरील प्रक्रिया उद्योग आला आहे. खनिज कोठे जाते, पाणी कोठून येते, जंगलाचे काय होते आणि स्थानिक माणसाच्या हाती काय उरते, हे प्रश्न या पट्ट्यात पुन्हा विचारले जात आहेत. लोहाऱ्याचे खनिज उत्तम असूनही बाकीचा हिशेब जुळत नाही म्हणून टाटांनी येथून माघार घेतली होती. आजच्या प्रकल्पांचा हिशेबही खनिजाच्या प्रतीवर थांबता कामा नये, एवढे त्या माघारीतून निश्चित शिकता येते.