घंटीला घाबरलेला प्रोग्रॅमर

कॉम्प्युटर घरी अडकतो, दुरुस्तीच्या दुकानात नेला की शहाण्यासारखा चालतो. परत आणला की पुन्हा तेच! हा प्रकार आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. अशाच, हाती न लागणाऱ्या चुकीची एका माणसाने आयुष्यभर धास्ती घेतली आणि त्या धास्तीतून आजच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा पाया घातला. त्यांचं नाव एड्सगर डायक्स्ट्रा. बीसीए, बीएस्सीच्या पोरांना ते ‘शॉर्टेस्ट पाथ’मुळे माहीत असतात. ही गोष्ट मात्र वेगळी आहे.

11 मे 1930 रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला त्यांचा जन्म झाला. वडील केमिस्ट्रीचे शिक्षक, आई गणितातली. कायदा शिकायचा विचार होता, पण लायडन विद्यापीठात ते गणित आणि फिजिक्सकडे वळले. 1952 मध्ये ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागले. 1957 मध्ये लग्नाच्या कागदावर त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ लिहिला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला!

घंटी कधीही वाजणार

त्याच सुमारास लूपस्त्रा आणि स्खोल्टन या सहकाऱ्यांनी ‘एक्स-वन’ या नव्या मशीनसाठी एक कल्पना मांडली: इंटरप्ट. प्रोसेसरने प्रत्येक यंत्राला ‘झालं का, झालं का’ विचारत बसायचं नाही. काम झालं की यंत्रानेच घंटी वाजवायची. प्रोसेसरने हातातलं काम बाजूला ठेवायचं, घंटीकडे बघायचं आणि सोडलेल्या जागेवरून पुन्हा सुरू करायचं.

सगळे खूश, डायक्स्ट्रा मात्र घाबरले. घंटी कोणत्या क्षणी वाजेल याचा नेम नाही. बाजूला ठेवलेल्या कामातली एक किंमत जरी बदलली, तरी चूक हजारातून एकदाच दिसणार आणि तोच क्षण पुन्हा येणार नाही. दोष प्रोग्रॅमचा, आळ मशीनवर! काही महिने त्यांनी विरोध केला. शेवटी मान्य केलं, तो कोड स्वतः लिहिला आणि 1959 मध्ये याच विषयावर पीएच.डी. मिळवली.

दारव्ह्याच्या रुळासारखं

1962 मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्र विद्यापीठात गेले. तिथे छोट्या टीमसोबत ‘टीएचई’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. नुसत्या टेस्टिंगने अशी चूक सापडणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांनी रचनाच थरांची केली. सगळ्यात खालचा थर घंट्या सांभाळणार, वरच्यांनी त्याची काळजीच करायची नाही. एक थर पक्का झाल्यावरच पुढचा चढवायचा.

दोन प्रोग्रॅमना एकच गोष्ट हवी असेल तर? त्यासाठी ‘सेमाफोर’. हे नाव रेल्वेच्या सिग्नलचं. आपल्या दारव्ह्यावरून जाणारा शकुंतलेचा एकेरी रूळ आठवा: एक गाडी आत असताना दुसरीने बाहेर थांबायचं. बस, तेच!

या सिस्टीमवरचा त्यांचा लेख 1968 मध्ये आला. टेस्टिंगमध्ये साधारण 500 सूचनांमागे एक किरकोळ चूक निघाली आणि प्रत्येक चूक 10 मिनिटांच्या तपासात सापडली, असं त्यांनी नोंदवलंय.

लॅबमध्ये करून बघा

जुन्या पीसीत अशा घंट्यांच्या 16च लाइन असायच्या. दोन कार्डांना एकच लाइन दिली की साउंड बंद, नाहीतर मशीन ठप्प. आज वाटणी कर्नल करतो, तरी गोंधळ होतोच. लिनक्सवर ‘प्रोक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ फाइल उघडा. कोणती लाइन कोणत्या यंत्राला आणि प्रत्येक कोअरवर किती घंट्या, सगळं दिसतं. थोड्या वेळाने पुन्हा बघा. यंत्र वापरूनही आकडा हलत नसेल तर घंटी पोहोचत नाहीये. काहीच वापरत नसताना आकडा धावत असेल तर तिला कुणी आवरत नाहीये. एखाद्या लाइनवरची घंटी कोणताच ड्रायव्हर आपली मानत नसेल आणि ती वाजतच राहिली, तर कर्नल शेवटी ती लाइनच बंद करतो.

1972 मध्ये डायक्स्ट्रांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 1984 पासून त्यांनी अमेरिकेत ऑस्टिनला शिकवलं. कॉम्प्युटरचा हा माणूस लिहायचा मात्र फाउंटन पेनने. मागे 1300 हून जास्त टिपणं ठेवून 6 ऑगस्ट 2002 रोजी ते गेले. पुढच्या वेळी ‘रिस्टार्ट मार, होईल नीट’ म्हणण्याआधी ती फाइल एकदा उघडून बघा.