सरकारी खरेदी आणि न्यायमूर्ती रानडे

आमच्या विद्यानगराजवळील सिकंदराबादेस १८७४ साली वाडीहून आगगाडी आली. त्या काळी हिंदुस्थानातील आगगाड्यांचे रूळ, इंजिने व पुलांच्या तुळया बहुतेक विलायतेहून येत. सरकारी कचेऱ्यांच्या सामानाचीही मोठी खरेदी लंडनमध्येच होई. पैसा मात्र येथील रयतेच्या कराचा. ही खरेदी स्वदेशी कारखान्यांकडे वळावी, हा विचार ज्यांनी शांतपणे पण चिकाटीने मांडला, त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे अग्रगण्य होत.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरास गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. १८७१ साली न्यायखात्याच्या नोकरीत ते पुण्यास आले आणि सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ बनले. स्वदेशी व्यापारावर त्यांनी तेथे मराठीतून व्याख्याने दिली.

नोकरी सरकारची आणि टीका सरकारच्याच धोरणावर, ही तारेवरची कसरत होती. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडानंतर सरकारचा संशय रानड्यांवरही गेला. त्यांची धुळ्यास बदली झाली; त्यांच्या टपालावर पाळत बसली. बंडवाल्यांच्या नावाची बनावट पत्रे येत, ती ते सरळ अधिकाऱ्यांकडे पाठवीत. त्यांनी नोकरी सोडली नाही, लेखणीही खाली ठेवली नाही. आम्हांस त्यांचे हे धैर्य सभा गाजविणाऱ्या वक्त्याच्या धैर्याहून कठीण वाटते.

१८९० साली पुण्यास औद्योगिक परिषद भरली. जावा बेटात डच सरकार शेतकऱ्यांस आगाऊ पैसा देऊन माल कसा पिकवून घेई, याचे विवेचन रानड्यांनी तेथे केले. पुढे लोखंडाच्या धंद्यावर त्यांनी निबंध लिहिला. आपल्या निजामाबादकडील कोनासमुद्रमचे पोलाद एके काळी इराणचे व्यापारी नेत असत. असा हा देश लोखंडासाठी परावलंबी झाला होता! १८८३ च्या नियमांनी देशी माल घेण्यास मुभा दिली होती, परंतु भाव व प्रत विलायती मालाच्या तोडीची असेल तरच. नव्या कारखान्यास आरंभीच ते कसे साधावे? लोखंडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच असल्याने, त्याने हमी दिल्यास भांडवल पुढे येईल, असे त्यांचे म्हणणे. तोटा करदात्याने का सोसावा, ही शंका पोकळ नाही. पण रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर सरकारने पूर्वी व्याजाची हमी दिलीच होती. तोच न्याय कारखान्यांस का नसावा, असा रानड्यांचा युक्तिवाद होता.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. पुढे टाटांच्या पोलाद कारखान्याकडून सरकारने दहा वर्षे दरसाल २०,००० टन रूळ घेण्याचे कबूल केले. स्वतंत्र भारताच्या केंद्र सरकारने २०१७ साली सरकारी खरेदीत देशी मालास अग्रक्रम देणारा आदेश काढला. २०२० च्या सुधारणेनुसार, ज्या मालात निम्मा वा अधिक हिस्सा देशी असेल, त्याचा पुरवठादार पहिल्या वर्गाचा गणला जातो.