तवंग मोजणारी ॲग्नेस

मैत्रिणींनो, भांडी घासताना पाण्यावर तेलकट तवंग येतो. आपण तो रोज बघतो नि मोरीत ओतून देतो. ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन मुलीनं मात्र तो चक्क मोजला!

१८६२ मध्ये व्हेनिसला जन्मलेली ॲग्नेस जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला वाढली. विज्ञानाची भारी आवड. पण तेव्हा तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. धाकटा भाऊ फ्रीड्रिश शिकायला गेला, पुढे प्राध्यापक झाला. ॲग्नेसच्या वाट्याला आजारी आईवडिलांची सेवा नि घरकाम आलं. भाऊ पुस्तकं पुरवायचा, ती कामं उरकून वाचायची.

विशीतच तिनं पत्र्याचं पसरट भांडं काठोकाठ पाण्यानं भरून त्यावर पत्र्याची आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की तवंग दाटायचा किंवा पसरायचा. तराजूला टांगलेलं बटण पाण्याला टेकवून ते सुटायला किती जोर लागतो, हे ती मोजायची. तवंग विरळ असला तर पाण्याचा ताण फारसा बदलत नाही, पण ठरावीक हद्दीपलीकडे दाटला की झपाट्यानं उतरतो, हे तिला दिसलं.

कितीतरी वर्षं हे काम घरातच राहिलं. १८९१ मध्ये तिनं इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांचंही काम याच विषयातलं. पण त्यांनी मोठ्या मनानं त्या पत्राचं भाषांतर ‘नेचर’मध्ये छापायला दिलं.

पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युअर यांनी तसंच भांडं सुधारून वापरलं. त्यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट यांनी एका रेणूइतके पातळ थर पाण्यावरून उचलून काचेवर, धातूवर एकावर एक चढवले. आता तर सोन्याच्या पृष्ठभागावर आधी रसायनाचा लेप देऊन वर स्निग्ध रेणूंचा थर बसवतात. ही आपल्या पेशीच्या आवरणाची नक्कलच! औषधाचे रेणू त्या आवरणाशी कसे वागतात, हे त्यावर तपासता येतं.

१९३२ मध्ये लँगम्युअर यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठानं सत्तरीतल्या ॲग्नेसला मानद डॉक्टरेट दिली. १९३५ मध्ये ती गेली.

घरी बसूनही जमतं की, असं कुणी म्हणेल. पण भावाला तरुणपणी मिळालं ते तिला म्हातारपणी मिळालं, तेही पुस्तकं देणारा भाऊ नि पत्राची कदर करणारा रॅले भेटला म्हणून. आपल्या दुसरबीडमध्ये बारावी झालेल्या लेकीचं शिक्षण थांबवण्याआधी, बायांनो, एवढं नक्की आठवा.