नागपूरचा उन्हाळा, गिरणीचे सूत आणि जमशेटजींचा हिशेब

एप्रिल उजाडला की बाह्यरुग्ण विभागात औषधांच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी सुरू होते. घरात म्हातारी आई आहे, तिला रक्तदाबाचा त्रास आहे, एसी घ्यावा का? आणि लगेच पुढचा प्रश्न, महिन्याला बिल किती येईल? तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेल्या बपेऱ्यासारख्या गावात हा प्रश्न दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणी विचारला नसता. आज किराणा दुकानदार, औषध विक्रेता, मिठाईवाला, सगळेच विचारतात. थंड हवेला किती पैसे मोजायचे आणि ते कुठून भरून निघतात, हा हिशेब विदर्भाच्या उन्हात दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने मांडला होता. एसी तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्या माणसाचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत, पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापारात शिरले आणि मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५८ मध्ये शिक्षण संपवून जमशेटजी वडिलांच्या पेढीत आले आणि लवकरच हाँगकाँगला गेले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या अनेक पेढ्यांबरोबर टाटांचीही घडी विस्कटली. त्यातून सावरल्यावर त्यांनी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि ती नफ्यात विकली. मग इंग्लंडला जाऊन लँकेशायरच्या गिरण्या पाहिल्या.

पुढची गिरणी मुंबईत काढायची नाही, हे त्यांनी ठरवले होते. कापूस जिथे पिकतो तिथेच सूत निघावे, असा त्यांचा विचार होता. जागेच्या शोधात ते जबलपूरकडेही गेले. तिथल्या नर्मदेच्या धबधब्याच्या जोरावर गिरणी चालवता येईल का, हे त्यांनी पाहिले, पण ती जागा मिळाली नाही. अखेर नागपूर ठरले. भोवती वऱ्हाडचा कापूस, रेल्वे आलेली, आणि कोळसा वरोऱ्याच्या खाणीत. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची आणि म्हणून स्वस्त. ती भरण्यासाठी मातीचे ढीग ओतले जात असताना पैसा मातीत घालणारा माणूस म्हणून नागपूरच्या एका सावकाराने मदत नाकारली, आणि काही वर्षांनी त्याच मातीतून सोने निघाल्याचे कबूल केले, अशी कथा त्यांच्या चरित्रात येते. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. तिला नाव पडले एम्प्रेस मिल.

खरी अडचण पहिल्या उन्हाळ्यात समोर आली असणार. मुंबईची हवा दमट. तिथे कापसाचा तंतू लवचिक राहतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. सूतकताईला साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते. कोरड्या हवेत तंतू ठिसूळ होतो, सूत वारंवार तुटते, तंतूंवर स्थिर विद्युत जमते आणि ते इकडेतिकडे उडतात. तुटलेला प्रत्येक धागा जोडायला माणूस लागतो, आणि तेवढा वेळ चाती रिकामी फिरते. वाफेच्या इंजिनाला कोळसा मात्र तितकाच लागतो.

जमशेटजींनी गिरणीत हवा दमट करणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे बसवले. त्या काळात हिंदुस्थानातल्या गिरण्यांत ही चैन जवळपास नव्हतीच. पाण्याचे बारीक कण हवेत सोडले की ते वाफ होताना भोवतालची उष्णता शोषून घेतात. हवा ओलसर होते आणि थोडी गारही. आपल्या अंगणातल्या कूलरचे आणि जुन्या कचेऱ्यांच्या दारावर टांगलेल्या वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्व हेच. आपल्या त्वचेचेही हेच. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते.

डॉक्टर म्हणून मला इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण सुताला हवी असलेली हवा आणि माणसाला हवी असलेली हवा एक नव्हे. काही मर्यादेपर्यंत दोघांचे जमते. ४५ अंशांच्या कोरड्या उन्हातून आलेल्या कामगाराला गिरणीतली गार ओल बरीच वाटत असेल. पण आर्द्रता वाढत गेली की घाम वाळेनासा होतो, शरीराची उष्णता आतच कोंडते आणि हृदय त्वचेकडे रक्त ढकलून ढकलून दमते. लँकेशायरमध्ये सूत तुटू नये म्हणून विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडत. कामगार त्याविरुद्ध इतके भांडले की १८८९ मध्ये ब्रिटिश संसदेला आर्द्रतेवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडून थांबला की कूलर चालू असूनही जीव घाबरा होतो, तो याच कारणाने. अशा दिवसांत कूलरपुढची खिडकी उघडी हवी, हे दरवर्षी सांगावे लागते.

गंमत अशी, की एअर कंडिशनिंग हा शब्दही कापडगिरणीतूनच आला. अमेरिकेतले गिरणी अभियंते स्टुअर्ट क्रेमर यांनी तो १९०६ च्या सुमारास वापरात आणला. त्याआधी १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी आधुनिक एसीचा पहिला आराखडा केला तो ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, कारण दमट हवेत कागद फुगत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते. म्हणजे थंड हवा आधी धाग्याला मिळाली, मग कागदाला, आणि माणसाचा नंबर बराच नंतर लागला. नागपूरची गोष्ट याला सर्वस्वी अपवाद होती असे मी म्हणणार नाही. यंत्रे मुख्यतः सुतासाठीच होती. गिरण्यांत प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा कायद्याने आली ती १९११ मध्ये, जमशेटजींच्या मृत्यूनंतर.

तरी त्यांच्या हिशेबात एक रकाना जास्त होता. एम्प्रेस मिलमध्ये रोज बरेच कामगार गैरहजर असत. हे आळशी लोक म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि बरेच गिरणीमालक तसे होतही. जमशेटजींनी हवेशीर कामाची जागा दिली, नियमित येणाऱ्यांना बक्षिसे ठेवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. हे धर्मादाय समजू नये. गैरहजर माणसाची किंमत त्यांनी मोजली होती आणि ती हवेशीर शेडपेक्षा जास्त निघाली होती, असेच मला त्यांच्या कारभाराकडे पाहून वाटते.

यंत्रांच्या बाबतीत त्यांना हा धडा सुरुवातीलाच मिळाला होता. पहिली यंत्रे काटकसरीने घेतली. ती कुचकामी निघाली, कंपनीच्या शेअरचा भाव पडला. मग ती काढून चांगली यंत्रे आणली. एसीच्या दुकानात उभे असलेल्यांनी हा प्रसंग आठवावा. कमी तारांकित यंत्र घेताना चार-पाच हजार वाचतात आणि पुढे प्रत्येक उन्हाळ्यात विजेच्या बिलातून जातात. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर साधारण दहा युनिट वीज खातो, महिन्याला तीनशे. कूलर तेवढ्याच वेळात दीड-दोन युनिट, महिन्याला पन्नासच्या आसपास. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर युनिटांच्या टप्प्यांप्रमाणे चढतो, त्यामुळे शंभराच्या वर गेलेले प्रत्येक युनिट अधिक महाग पडते. दुकानाचा दर तर वेगळाच आणि चढा. थर्मोस्टॅट एक अंशाने वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. १८ वर ठेवून गोधडी घेणाऱ्यांनी २६ वर ठेवून पंखा लावावा.

कूलर स्वस्त आहे, पण फुकट नाही. दीड टनाचा एसी तासाला जेवढी उष्णता खोलीबाहेर काढतो, तेवढी पाण्याने शोषायची तर जवळपास आठ लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. मे महिन्यात हे पाणी कोण भरते, हा हिशेब बहुतेक घरांत बाईच्या खात्यावर असतो आणि तो बिलावर छापून येत नाही. आणि जी माणसे त्याच दुपारी तेंदूपत्ता वेचायला जंगलात किंवा उन्हाळी धान कापायला बांधीत असतात, त्यांच्यासाठी एसी आणि कूलर दोन्ही सारखेच दूर. उष्माघाताने शरीराचे तापमान ४० अंशांवर गेलेला रुग्ण आमच्याकडे येतो तो बहुधा त्यांच्यातला, किंवा बिलाच्या धास्तीने पंखाही बंद ठेवणारा एखादा एकटा म्हातारा. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. अशा घरात दुपारचे बारा ते चार कूलर चालवायचा खर्च दवाखान्याच्या एका फेरीपेक्षा कमी असतो. त्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

विजेचा प्रश्न जमशेटजींनी शेवटपर्यंत सोडला नाही. जबलपूरला हुकलेला धबधबा त्यांना पुढे लोणावळ्याच्या घाटात सापडला. पश्चिम घाटावर कोसळणारे पावसाचे पाणी अडवून, खाली सोडून वीज करायची आणि मुंबईच्या गिरण्यांची धुराडी कमी करायची, ही योजना त्यांनी उचलून धरली. दरम्यान १६ डिसेंबर १९०३ रोजी मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले. तिथे विजेचे दिवे होते, लिफ्ट होती आणि पंखे अमेरिकेहून आणलेले होते.

तोवर त्यांचे हृदय थकले होते. १९०४ च्या मार्चमध्ये पत्नी हिराबाई गेल्या. जमशेटजी उपचारांसाठी जर्मनीतल्या बाड नाउहाइमला होते. तिथल्या कार्बन डायऑक्साइडयुक्त खाऱ्या पाण्याच्या स्नानांची हृदयरोग्यांमध्ये त्या वेळी मोठी ख्याती होती. आज आपण त्या उपचाराला फारसे महत्त्व देणार नाही, पण तेव्हा डॉक्टरांच्या हाती डिजिटॅलिसखेरीज फार काही नव्हते. १९ मे १९०४ रोजी, नागपुरात उन्हाळा ऐन भरात असताना, त्या थंड गावी त्यांचे निधन झाले.

लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी १९११ मध्ये झाली आणि खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. १९५४ मध्ये टाटा आणि व्होल्कार्ट या स्विस पेढीने मिळून व्होल्टास कंपनी काढली. तिचे एसी आज तुमसरच्या दुकानांतही मिळतात. एम्प्रेस मिल मात्र राहिली नाही. जुम्मा तलावाला आता गांधीसागर म्हणतात, आणि त्याच्या काठाजवळ, जिथे सुतासाठी हवेत पाणी फवारले जात होते, तिथे एक वातानुकूलित मॉल उभा आहे.