पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि काशीचे शिवालय

आज महाशिवरात्र. पहाटेपासून गावोगावच्या शिवालयांत अभिषेकाची धार सुरू झाली असेल, पिंडींवर बेलाच्या राशी चढल्या असतील आणि वेरूळला घृष्णेश्वराच्या दाराशी दर्शनार्थींची रांग लागली असेल. वेरूळपासून काशीपर्यंत कित्येक शिवालयांचे आणि घाटांचे दगड एका विधवा स्त्रीच्या खासगी उत्पन्नातून बसविले गेले आहेत, याचे स्मरण मात्र या गर्दीत थोड्यांनाच असते. म्हणून आजच्या पुण्यदिनी आम्ही वाचकांपुढे अहिल्याबाई होळकरांचे चरित्र ठेवीत आहोत. त्यांच्या दानधर्माची यादी देण्याचा आमचा हेतू नाही. ती शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. युद्ध, लूटमार आणि धर्माधर्मांतील वैर या तिन्हींची झळ सोसलेल्या या परंपरानिष्ठ स्त्रीने त्यांना तोंड कसे दिले, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा बालपणीच विवाह झाला आणि त्या एका लढवय्या घराण्यात येऊन पडल्या. पुढचे सारे आयुष्य तोफांच्या आवाजात जावयाचे होते. सूरजमल जाटाकडून खंडणी वसूल करण्यासाठी मराठी फौजांनी कुंभेरीच्या किल्ल्यास वेढा घातला असता, मार्च १७५४ मध्ये किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने खंडेराव ठार झाले. घरातील इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही निघाल्या होत्या, परंतु वृद्ध सासऱ्याने पदर पसरून त्यांना मागे वळविले. कुंभेरीची माती यमुनेत लोटीन अशी प्रतिज्ञा मल्हाररावांनी दुःखाच्या भरात केली होती, असे सांगतात. प्रत्यक्षात तो वेढा तहाने उठला आणि कुंभेरी जागच्या जागी राहिली. प्रतिज्ञा आणि तह यांतले हे अंतर सुनेने वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी पाहिले, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

पुढे पानिपत झाले. मल्हाररावांनी सुनेला केवळ जपमाळ दिली नव्हती. १७६५ मधल्या एका पत्रात ते तिला चंबळ उतरून ग्वाल्हेरीकडे जाण्यास, मोठा तोफखाना सिद्ध ठेवण्यास आणि दारूगोळ्याची तजवीज करण्यास सांगतात. बाई म्हणजे पांढरे वस्त्र, हाती शिवलिंग आणि मुखी नाम एवढेच जे समजतात, त्यांनी हे पत्र नजरेआड करू नये. मे १७६६ मध्ये मल्हारराव आलमपूर येथे वारले. वर्ष होण्याच्या आतच अहिल्याबाईंचे एकुलते पुत्र मालेरावही गेले.

घराण्यात पुरुष उरला नाही असे पाहताच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी रघुनाथराव पेशव्यांना पाचारण केले. दत्तक बसवावा आणि कारभार आपल्या हाती घ्यावा, असा बेत होता. बाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याकडे पत्रे धाडली, तुकोजी होळकरांना फौजेनिशी क्षिप्रेकाठी उभे केले आणि दादासाहेबांना कळविले की आपण हरलो तर एका स्त्रीला कोणी नावे ठेवणार नाही, पण आपण हरविले तर त्यांना तोंड दाखविण्यास जागा उरणार नाही. रघुनाथरावांनी आपण सांत्वनासाठी आलो असल्याचे सांगून प्रसंग निभावला. थोरल्या माधवरावांनी बाईंचा अधिकार मान्य केला. एक थेंबही रक्त न सांडता हे युद्ध जिंकले गेले. पण ते समोर सज्ज फौज उभी होती म्हणून जिंकले गेले, हे विसरता येत नाही.

फौजेची मोहीम तुकोजींकडे आणि मुलखाचा कारभार बाईंकडे, अशी वाटणी होऊन राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास आली. राज्य शंकराचे आणि आपण केवळ त्याचे कारभारी, या भावनेने हुकुमांवर श्रीशंकर असे नाव पडू लागले. त्या काळी माळव्याच्या वाटा निर्धोक नव्हत्या. सातपुडा-विंध्याच्या घाटांत भिल्लांच्या टोळ्या वाटसरूंना नागवीत आणि गावे दहशतीखाली ठेवीत. बाईंनी प्रथम फौज पाठवून कठोर शासन केले. परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. डोंगरातील पडीक जमीन त्यांनी भिल्लांस कसावयास दिली, वाटेने जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाची अल्प पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला आणि मोबदल्यात त्या हद्दीत चोरी झाल्यास माल भरून देण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. लुटारूलाच पहारेकरी करण्याची ही युक्ती आमच्या मते दयेपेक्षा अनुभवातून आलेली होती. जुना हक्क म्हटला की तो बुडवू नये, ही परंपरावाद्याची वृत्ती येथे अशी कामी आली. बंडाला मात्र क्षमा नव्हती. १७८७ मध्ये लालसोटनंतर महादजींना माघार घ्यावी लागताच रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी उठाव केला, तेव्हा बाईंच्या फौजेने तो निर्दयपणे मोडला.

आता काशीकडे वळू. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. मराठ्यांच्या मनातील हे शल्य जुने होते. १७४२ मध्ये दुआबात छावणी करून असलेल्या मल्हाररावांनी मशीद पाडून मंदिर पुन्हा बांधण्याचा बेत केला, तेव्हा काशीचे ब्राह्मणच भयभीत झाले. फौज आज आहे, उद्या निघून जाईल. मागे राहणाऱ्या आम्हांवर सत्ताधीशांचा कोप होईल, अशी त्यांची विवंचना होती. बेत तडीस गेला नाही.

जवळजवळ चार दशकांनी तो प्रश्न सुनेपुढे आला. १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे आजचे मंदिर बांधविले, ते मशिदीला हात न लावता, तिच्या शेजारी. वाचकांनी काळाचे भान ठेवावे. १७७५ पासून काशी इंग्रज कंपनीच्या अमलाखाली गेली होती आणि त्याच इंग्रजांशी मराठ्यांचे युद्ध जुंपले होते. सालबाईचा तह व्हावयास १७८२ साल उजाडले. इंग्रजांविषयी बाई भोळ्या होत्या असेही नव्हे. १७७२ मधल्या त्यांच्या एका प्रसिद्ध पत्रात त्या पेशव्यांना सावध करतात की इतर श्वापदे बळाने वा युक्तीने मारता येतात, पण हे अस्वल समोरून तोंडावर घाव घातल्याखेरीज मरावयाचे नाही. ज्यांच्याविषयी ही धारणा, त्यांच्याच मुलखात, आपली एक तोफही नेता येणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी शिखर चढविले.

काहींना हे पाऊल अर्धवट वाटते. सूड घेण्याची ताकद नव्हती म्हणून शेजारी बांधले, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. ताकदीचा हिशेब त्यात होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु परंपरा सांभाळणे म्हणजे प्रथम पूजा अखंड ठेवणे, असा तो निर्णय आम्हांला दिसतो. जागेचा निकाल लागेपर्यंत देवाला उपाशी ठेवणे बाईंच्या श्रद्धेत बसत नव्हते. शिवाय काशीच्या ब्राह्मणांची १७४२ मधली ती धास्ती त्यांनी कदाचित सासऱ्यापेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकली असावी. फौजा येतात आणि जातात. घाटावर राहणारा माणूस तेथेच असतो. दशाश्वमेध आणि मणिकर्णिका या घाटांवर त्यांनी बांधकामे केली, गयेस विष्णुपद मंदिर उभारले आणि गंगाजलाच्या कावडी दक्षिणेतील देवस्थानांपर्यंत पोहोचत्या केल्या. यासाठी दौलतीच्या वसुलाला हात न लावता सासूबाई गौतमाबाईंपासून चालत आलेल्या खासगी उत्पन्नातून खर्च केला. निजाम आणि टिपू यांच्याकडूनही त्यांना पेशव्यांइतकाच मान मिळे आणि मुसलमानही हिंदूंच्या बरोबरीने त्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीत, असे माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानवरील आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. माल्कम हा होळकरांचा पराभव केलेल्या पक्षाचा सेनानी. त्याला बाईंची स्तुती करण्याचे काही कारण नव्हते.

परंपरेची धार बाईंना स्वतःलाही लागली. नातू गेला, त्यामागून १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि एकुलती कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने पाया पडून विनविले. मुलीने ऐकले नाही. सासऱ्याच्या एका शब्दाने जी चितेवरून परत आली होती, तिला आपल्या लेकीला परत आणता आले नाही. राज्याच्या धनी असूनही त्यांनी हुकूम केला नाही. त्यांनी तो करावयास हवा होता, असे आम्हांला वाटते. लेकीची चिता जळताना त्या नर्मदाकाठी उभ्या होत्या. पुढे चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, महेश्वरास त्यांचे देहावसान झाले.

२०२५ मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. काशीच्या विस्तारलेल्या मंदिर-परिसरात आता त्यांची मूर्ती आहे. आमचे मन मात्र आज सोमनाथाकडे धाव घेते. तेथील भग्न मंदिराशेजारी १७८३ मध्ये बाईंनी लहानसे मंदिर बांधले आणि पुन्हा कोणी चालून आलेच तर पिंडीला धक्का लागू नये म्हणून मुख्य शिवलिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात स्थापिले. १९५१ मध्ये समुद्रकाठी भव्य नवे मंदिर उभे राहिले, यात्रेचा ओघ तिकडे वळला. तरीही जुन्या सोमनाथाचे दर्शन घेतल्यावाचून न परतणारे भाविक आहेत. अरुंद पायऱ्या उतरून ते खाली जातात, तांब्यातले पाणी पिंडीवर घालतात आणि मान लववून तशाच पायऱ्यांनी पुन्हा वर येतात.